चैनीचा कर

१ ऑगस्ट, पोर्टलंड

काल दुपारी, खेळाडूंची अदलाबदल बंद व्हायला काही मिनिटं उरली असताना, आमच्या बेसबॉल क्लबच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी रेमी ड्यूबॉसला आणलं. चाळीस होमरन मारणारा गडी! आज ड्रेसिंग रूममध्ये लग्नघरासारखी धांदल होती. एव्हरी, आमचे चेंडू झेलणारा कॅचर, बाकावर उभा राहून पेपर मोठ्याने वाचत होता.

"ऐका रे भुक्कडांनो! रेमीसाहेबांचा पगार धरून आपला क्लब रेषेला नाक लावून उभा आहे. आज कोणी दुसरा स्टेक मागवलात तर मालकाला चैनीचा कर बसेल."

ती रेषा लीग दरवर्षी आखते. सगळ्या खेळाडूंच्या पगारांची बेरीज तिच्यावर गेली, की वरच्या रकमेवर कर. लागोपाठ ओलांडत गेलं तर दर चढत जातो. आम्ही दोन वर्षं ओलांडलीय, तिसऱ्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेतला निम्मा हिस्सा करात. एक वर्ष खाली राहिलं की पाटी कोरी. मालकाने सराव सुरू झाला तेव्हाच सांगितलं होतं, तिसऱ्यांदा माझ्या खिशातून नाही. मी पोट धरून हसलो. चैन म्हणजे रेमी. मी म्हणजे मीठ. मिठावर कोण कर लावतो?

माझ्या करारात एकच गोड घास आहे. या मोसमात साठ सामन्यांत चेंडू टाकला, की दहा लाख डॉलर बक्षीस आणि पुढच्या वर्षीची जागा पक्की. बावन्न झाले, दोन महिने बाकी आहेत. पुढचं वर्ष मोठ्या लीगमधलं माझं दहावं. दहा वर्षं काढलेल्या माणसाला पेन्शन पूर्ण मिळते, पण ती गोष्ट वेगळी. त्याला ड्रेसिंग रूममध्ये खुर्ची सरकवून देतात. केंटकीहून निघालो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. बारकुल्या लीगमध्ये, बसच्या सीटवर पाय दुमडून निम्मी जवानी गेली. आता सदतीस. पक्क्या जागेचं बायकोला, लोरीनला सांगितलं तर म्हणाली, "आधी कचरा बाहेर ठेव, मग दहा वर्षांचं बघू."

६ ऑगस्ट, सेंट लुईस

फोन आला, गेलो, दोघांना बाद केलं, परत येऊन बसलो. त्रेपन्न. चेंडू हातातून लोण्यासारखा सुटतोय.

१३ ऑगस्ट

आठवडा झाला, फोन माझ्यासाठी वाजलेला नाही.

मैदानाच्या टोकाला, कुंपणामागे आम्ही राखीव पिचर बसतो. सूर्यफुलाच्या बिया चावायच्या आणि भिंतीवरच्या फोनकडे कान ठेवायचा. तो वाजला की आमचा कोच गस उचलतो आणि एक नाव घेतो. आज आठव्या इनिंगला त्यांचे तीन डावखुरे बॅटर ओळीने येणार होते. मी स्वतः डावखुरा आणि डावखुऱ्यांना बाद करणं हीच माझी भाकरी. मी जॅकेट काढून उभाही राहिलो. फोन वाजला. गसने नाव घेतलं वेबचं, उजव्या हाताने टाकणाऱ्याचं.

"गस, डावखुरे येतायत."

"दिसतंय मला."

"मग?"

"बस रे, ड्वेन. हाताला आराम दे जरा."

हे तो माझ्याकडे न बघता, फोनकडे बघत म्हणाला. गस माझा कोच नंतर, आधी मोठा भाऊ. टेनेसीच्या बस लीगमध्ये तो माझा कॅचर होता. माझ्या लग्नात अंगठी त्याच्याच खिशात होती, आणि ऐन वेळी सापडेना म्हणून पाद्रीही घामाघूम झाला होता. तो आराम म्हणतो म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असणार.

१६ ऑगस्ट

नीलने वर बोलावलं. आमचा जनरल मॅनेजर. एकतीस वर्षांचा, मोठ्या कॉलेजातला, अतिशय सभ्य. स्वतः उठून सोडा दिला. मग भिंतीवरच्या पडद्यावर एक आलेख लावला.

"ड्वेन, तुमच्या वळणाऱ्या चेंडूची फिरकी कमी झालीय. वयाने होतं हे. आम्हाला तुमची काळजी वाटते."

"कुठे कमी झालीय?"

त्याने पेन्सिलने एक खळगा दाखवला.

"हा तर एकाच दिवसाचा दिसतोय."

"एका दिवसावर जायचं नसतं. कल बघायचा असतो."

आता कल म्हणजे काय ते मला कुठलं कळायला! गणितात मी नेहमी खिडकीबाहेर बघणारा. मान डोलावली. लिफ्टपर्यंत सोडायला आला. आईबापांनी चांगलं वळण लावलंय पोराला.

१७ ऑगस्ट

आंघोळीनंतर आरशात हात बघितला. होता तसाच दिसतो. आत काय झालंय, देव जाणे.

२० ऑगस्ट

आज नवव्या इनिंगमध्ये एका धावेने पुढे होतो. त्यांचा एक गडी बेसवर असताना डावखुरा बॅटर आला. प्रेक्षक माझ्या आडनावाने ओरडायला लागले, "टॅकेट! टॅकेट!" फोन वाजला आणि परत वेब. पहिलाच चेंडू स्टँडमध्ये गेला. हरलो.

सामना संपल्यावर पत्रकारांनी विचारलं, तेव्हा स्किपर, म्हणजे आमचे मैदानावरचे मॅनेजर, म्हणाले, "टॅकेटचा हात थोडा थकलाय." आता सगळ्या देशाला कळलं. घरी लोरीन टीव्हीसमोर उभी होती.

"हात दुखतोय तुझा?"

"नाही."

"मग यांना कसं कळलं?"

"मशीनं असतात त्यांच्याकडे. आपल्याला कळायच्या आधी मशीनला कळतं."

"अस्सं. दात दुखायच्या आधी डेंटिस्टला कळतं, तसं?" ती म्हणाली. दातांच्या दवाखान्यात तिने अकरा वर्षं काढलीत, सगळी उदाहरणं तिथलीच.

२३ ऑगस्ट

स्किपरना थेट विचारलं. "स्किपर, मी काय केलं म्हणजे तुम्ही मला परत टाकायला द्याल?"

ते बुटाची नाडी बांधत होते. बांधून झाली, तरी वर बघेनात. "तू चांगला माणूस आहेस, ड्वेन," म्हणाले.

चांगला माणूस! मेलेल्याबद्दल बोलतात असं.

उद्यापासून सकाळी लवकर उठणार. नदीपलीकडे शाळेचं मैदान आहे, सुट्टीत ओस पडलेलं. तिथे जाळीत चेंडू टाकायचे, फिरकी परत येईपर्यंत. लोरीनला सांगितलं, मासे धरायला जातो, डोकं शांत होतं. क्लबला कळलं तर परवानगी मिळणार नाही. मोसमात बाहेर, देखरेखीशिवाय टाकायला करारात मनाई आहे.

२६ ऑगस्ट

तीन सकाळी टाकतोय. हात जड. वेग मोजायचं यंत्र क्रीडा दुकानातून आणलं, तिपाईवर ठेवलं. चौऱ्याण्णव मैल दाखवतंय. परत टाकला, चौऱ्याण्णव. एकदा तर पंचाण्णव. सदतिसाव्या वर्षी पंचाण्णव! दुकानदाराने सरळ सरळ टोपी घातली. परत करायला गेलो तर पावती सापडेना.

उद्यापासून आणखी जोर लावायचा. सुजेवरच्या गोळ्या दोनाच्या चार केल्या.

२९ ऑगस्ट

लोरीनने पॅनकेक पानात टाकला आणि समोर बसली.

"माशांनी संप केलाय का?"

"काय?"

"सहा दिवस झाले. एक खवला घरात आला नाही. गळ गॅरेजमध्ये आहे, त्यावर कोळ्याने जाळं विणलंय. कुणी बाई असेल तर सांगून टाक, मी आईकडे जाते. आणि चेंडू टाकत असशील तर बाईपेक्षा वाईट."

सांगितलं. ती रडली नाही. तिने हात पुसले आणि म्हणाली, "ड्वेन, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तुला साठला पोचू द्यायचं नाहीये त्यांना. तुझे दहा लाख बेरजेत आले की ते रेषेवर जातात. रेमी आला आणि आठवड्याभरात तू बसलास. बघ ना कॅलेंडर."

मी खवळलो. असा आवाज मी तिच्यावर कधी चढवला नव्हता. म्हटलं, स्किपर तसला माणूस नाही, आणि गस? गस मला फसवेल? ज्याने माझं लग्न लावलं तो?

"अंगठी हरवली होती त्याने," ती म्हणाली आणि उठून गेली. पॅनकेक तसाच राहिला.

बायकोला नवऱ्याच्या हातातला दोष दिसत नाही. प्रेम आहे हे, समजतं मला.

३ सप्टेंबर

आज फोन वाजला आणि गस म्हणाला, "ड्वेन, हात गरम कर." मला वाटलं छाती फुटेल. सगळा जीव ओतून वीस चेंडू टाकले. मग "बस." पुढच्या इनिंगला परत "ऊठ." परत "बस." तिसऱ्यांदाही तेच. मैदानावर पाऊल नाही. त्रेपन्नवरच अडकलो. गरम करताना बघून त्यांना कळलं असणार की हात गेला.

सामन्यानंतर गस मला पुलाजवळच्या खानावळीत घेऊन गेला. मी बिस्किट-ग्रेव्ही मागवली, त्याने दुपारीच बिअर, एकामागून एक तीन. म्हणाला, "ड्वेन, माझं ऐक. टाकू नकोस. गप्प बस, बिया खा, मोसम संपू दे. हिवाळ्यात दुसरा क्लब तुला उचलेल. हात चांगला आहे तुझा."

"चांगला आहे तर फोनवर माझं नाव का येत नाही?"

त्याने ग्लास बाजूला सरकवला. मग डोळ्यांत पाणी. पन्नाशी ओलांडलेला माणूस, चार चौघांत. "मला नातवंडं आहेत रे," म्हणाला. त्याचा इथे काय संबंध ते मला लागलं नाही. चढली असावी. पण एवढं कळलं, की माझी अवस्था त्याला बघवत नाही. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून, 'बरा होशील' म्हणतात ना, तसं बोलत होता.

आता सात सामने आणि महिनाही पुरता नाही. अजून जमू शकतं. मला फक्त एक दिवस जुना हात परत हवाय.

९ सप्टेंबर

उजव्या हाताने लिहितोय, अक्षर लागणार नाही.

सकाळी शाळेच्या मैदानावर. काल रात्रीच्या सामन्यात पुन्हा तीनदा उठबस झाली होती. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं दगड झालेलं. पस्तिसावा किंवा चाळिसावा चेंडू असेल. कोपरातून आवाज आला, ओली फांदी मोडल्यासारखा. चेंडू जाळीपर्यंत गेलाच नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि पहिल्यांदा मनात आलं ते दुखण्याचं नाही. मनात आलं, इथे झालंय हे कुणाला कळता कामा नये. बाहेर दुखापत झाली तर क्लब पगार तोडतो. उपचारही आपल्या खर्चाने.

एका हाताने गाडी चालवत स्टेडियमवर गेलो. कपडे कसे बदलले विचारू नये. दुपारच्या सरावाला चेंडू टाकायच्या उंचवट्यावर उभा राहिलो, हात मागे नेला आणि टाकलाच. नुसता अंधार झाला डोळ्यांपुढे. ओरडलो ते खरंच ओरडलो, नाटक करावंच लागलं नाही.

गस धावत आला. त्याने माझा कोपर बघितला. तो सुजून काळानिळा झाला होता. ताजी दुखापत अर्ध्या मिनिटात काळी पडत नाही हे तीस वर्षं कॅचर-कोच असलेल्याला कळणारच. माझ्याकडे बघितलं त्याने. मग डॉक्टरला म्हणाला, "आत्ता झालं, माझ्यासमोर."

देवमाणूस.

२ ऑक्टोबर

कोपरातला बंध पुरता तुटलाय. ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, बागकाम करता येईल. मी विचारलं, टाकता येईल? ते म्हणाले, "तुम्हाला नातवंडं झाली की त्यांच्याकडे, हळूच."

मोसम संपला. एका सामन्याने आमची पुढची फेरी हुकली. लोरीनने पेपर माझ्या उशाशी ठेवला. मालकाची मुलाखत. 'यंदा आम्ही शिस्तीने रेषेखाली राहिलो.' किती खाली, तेही छापलं होतं. चार लाख डॉलर.

"चार लाख," ती म्हणाली. "तुझं बक्षीस दहा लाख. आता तरी वाच, ड्वेन."

मी पेपर भिरकावला. ती शांतपणे म्हणाली, "माझ्यावर का चिडतोस? मी तुला बसवलं नव्हतं."

तिच्यावर नव्हतो चिडलो. तिचं खरं असेल, तर हाताला काहीच झालं नव्हतं. मग त्या शाळेच्या मैदानावर मी काय करत होतो?

नाही. हात थकला होता. नीलने आलेख दाखवला होता. हात थकलाच होता.

२८ ऑक्टोबर

लोरीनने मला न विचारता खेळाडूंच्या युनियनला फोन केला. तिकडून मिसेस पिंकस आल्या, वकील. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या. माझे सगळ्या मोसमाचे आकडे त्यांनी लीगकडून मागवले होते.

"मिस्टर टॅकेट, हे लवादापुढे जाईल. करमर्यादेसाठी खेळाडूला मुद्दाम बसवणं चालत नाही. क्लब म्हणेल, हात खराब होता, पुरावा काय तर सप्टेंबरमध्ये तुटलाच. तुम्ही मला एकच सांगा. ऑगस्टमध्ये हात कसा होता?"

"थकलेला," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आकडे तसं म्हणत नाहीत."

लोरीन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

मी थकलेला म्हटलं तर केस गेली, पण पगार आणि उपचार राहतात. चांगला म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग तुटला कसा? शाळेचं मैदान सांगावं लागेल. पैसे जातील. पैसे जाऊ देत एक वेळ. पण मला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागेल, आणि मग ते खरं होईल.

जेवण जात नाही. लोरीन मांस कापून देते, ते थंड होतं.

१९ नोव्हेंबर

शिकागो. हॉटेलातली बिनखिडकीची खोली, लांब टेबल, लवाद म्हणून एक म्हातारे न्यायाधीश. पलीकडे क्लबचे दोन वकील, नील, आणि कोटात कोंबलेला गस.

गसला आधी विचारलं. "मिस्टर टॅकेटचा हात ऑगस्टमध्ये कसा वाटत होता?"

"थकलेला," गस टेबलाला म्हणाला.

"दुखापत कुठे झाली?"

"सरावात. माझ्यासमोर."

माझ्यासाठी बोललेलं खोटं आणि माझ्याविरुद्धचं खोटं, दोन्ही त्याने एका दमात सांगितलं. मग माझी पाळी आली. मिसेस पिंकसनी मला आधीच बजावलं होतं, काय बोलायचं ते तुम्ही ठरवा, मी ढकलणार नाही. त्यांनी विचारलं, "हात कसा होता?"

मी लोरीनकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही. नुसती बघत राहिली.

"चांगला होता," मी म्हटलं.

क्लबचा वकील लगेच पुढे वाकला. "चांगला होता? मग तुटला कसा?"

"मी तोडला. शाळेच्या मैदानावर. मला वाटलं खराब झालाय म्हणून दुरुस्त करत होतो."

"म्हणजे सरावातली दुखापत..."

"खोटी. तुटलेला हात घेऊन आलो होतो. गसने मला सांभाळून घेतलं."

नीलने पेन खाली ठेवलं. तो पांढरा पडला होता. एवढ्याशा पोराने पहिल्यांदाच काहीतरी मोडलेलं जवळून बघितलं असावं. गस उठला, खुर्ची पडली, ती न उचलता बाहेर गेला. न्यायाधीशांनी मला पाणी हवं का विचारलं. मी नको म्हटलं आणि मग रडायला लागलो. सदतीस वर्षांचा माणूस, टाय लावून. थांबताच येईना. लोरीन उठून आली आणि सगळ्यांसमोर माझं डोकं पोटाशी धरून उभी राहिली.

१२ डिसेंबर

निकाल आला. हरलो. कोणाला खेळवायचं हा स्किपरचा अधिकार, रेषेसाठीच बसवलं असं सिद्ध झालं नाही. सप्टेंबरचा उरलेला पगार कापला, उपचारही माझ्या माथी. मिसेस पिंकस फोनवर म्हणाल्या, गसने साक्ष फिरवली असती तर जिंकलो असतो. मी म्हटलं, त्याला नातवंडं आहेत.

आम्ही केंटकीला जायचं ठरवलंय. लोरीन भांडी कागदात गुंडाळतेय.

संध्याकाळी गसचा फोन आला. म्हणाला, "शिव्या दे."

शिव्या तयार होत्या. चार महिन्यांच्या साठल्या होत्या, केंटकीच्या, अस्सल. लोरीनही कागद खाली ठेवून उभी राहिली, ऐकायला. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"गस, ऑगस्टमध्ये मी कसा टाकत होतो?"

तो हळूहळू सांगायला लागला. डेन्व्हरला सरावात मी टाकत होतो तेव्हा एव्हरी मध्येच ग्लोव्ह काढून त्याच्याकडे आला होता. तळहात लाल झालेला. म्हणाला होता, गस, हा माणूस इथे बसून बिया का चावतोय? याला आत्ता कोणी हात लावू शकत नाही. गस म्हणाला, "सोळा वर्षं तुला बघतोय, ड्वेन. इतका चांगला तू कधीच नव्हतास."

फोन मी उजव्या हातात धरला होता. डावा पट्ट्यात होता, छातीशी.

मी म्हटलं, "परत सांग."